राजाचे सत्तर विद्यार्थी



शिष्यवृत्ती हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांना नवा नाही. परीक्षेचा हंगाम जवळ आला की गुरुजी संध्याकाळी जादा तास घेऊ लागतात, गणिताची उदाहरणे फळ्यावर चढतात आणि एखाद्या पोराचे नाव यादीत झळकले की त्याच्या घरी पेढे वाटले जातात. इथपर्यंतची हकिकत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पण पुढे काय होते? तो मुलगा गाव सोडून मोठ्या शाळेत जातो, वसतिगृहात राहतो आणि पैसे भरून आलेल्या मुलांच्या शेजारी जाऊन बसतो. त्या शाळेच्या रीतिभाती त्याला आपलंसं करतात, की तू इथला नव्हेस असे रोज हळूच सुचवीत राहतात? या प्रश्नाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आज मी त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे. आणि त्यासाठी आपल्याला जरा लांबच्या मुलखात, इंग्लंडमधल्या ईटनच्या शाळेत नेणार आहे.

आपण म्हणाल, ईटन ही तर लॉर्डांच्या आणि प्रधानमंत्र्यांच्या पोरांची शाळा. तिचे आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे काय नाते? नाते आहे. ही शाळा मुळात गरीब मुलांसाठी काढलेली होती. फुकट शिकणाऱ्या मुलांना पैसे भरणाऱ्या मुलांबरोबर एका आवारात वाढवण्याचा प्रयोग तिथे जवळजवळ पावणेसहाशे वर्षे अखंड चालू आहे. त्यात चांगले घडले तसे वाईटही घडले. दोन्हींतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सहावा हेन्री हा इंग्लंडचा राजा अवघ्या नऊ महिन्यांचा असताना गादीवर आला. तो मनाने धार्मिक होता, लढाईपेक्षा त्याचे लक्ष देवळात आणि विद्येत जास्त. १४४० साली, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्याने विंडसरच्या राजवाड्यासमोर, टेम्स नदीच्या पलीकडच्या काठी ही शाळा स्थापन केली. पहिल्या सनदेत पंचवीस गरीब विद्यार्थ्यांची तरतूद होती. लवकरच ती संख्या सत्तर ठरली. हा सत्तरचा आकडा त्याने घेतला तो विंचेस्टरच्या शाळेवरून. ती शाळा १३८२ साली विल्यम ऑफ विकम या बिशपाने स्थापन केली होती आणि तिथेही सत्तरच गरीब विद्यार्थी होते. राजाने विंचेस्टरचा विल्यम वेनफ्लीट नावाचा शिक्षकही आपल्या शाळेसाठी आणला. पुढच्याच वर्षी, १४४१ साली, त्याने केंब्रिजला किंग्ज कॉलेज काढले. हेतू असा, की ईटनला शिकलेल्या गरीब मुलाने थेट तिथे जावे. म्हणजे शाळेपासून विद्यापीठापर्यंतची सगळी वाट राजाने आपल्या खर्चाने बांधून दिली. राहणे, जेवण, कपडा आणि शिक्षण, सारे मोफत. या मुलांना ‘किंग्ज स्कॉलर’, राजाचे विद्यार्थी, असे नाव मिळाले आणि ते आजही चालू आहे.

पण राजाचे दिवस फिरले. गुलाबांची युद्धे म्हणून ज्या यादवीचा इतिहासात उल्लेख होतो, तिच्यात १४६१ साली त्याची गादी गेली. नव्या राजाने शाळेची उत्पन्ने काढून घेतली; शाळाच बंद करून विंडसरच्या देवस्थानात विलीन करण्याचा घाट घातला गेला. शाळा कशीबशी तगली. पण हेन्रीने जे भव्य प्रार्थनामंदिर योजले होते त्याचा पुढचा भाग तेवढाच उभा राहिला, बाकीचे कधी बांधलेच गेले नाही. १४७१ साली लंडनच्या किल्ल्यात, कैदेत असताना, हेन्रीचा अंत झाला. दरवर्षी २१ मे रोजी त्या जागी ईटनकडून लिलीची आणि किंग्ज कॉलेजकडून गुलाबाची फुले वाहतात. ज्याचे राज्य टिकले नाही, त्याची शाळा टिकली.

आता या गोष्टीला पहिले वळण लागते. शाळेत उत्तम शिक्षक होते, तेव्हा आसपासच्या सधन लोकांनाही वाटले की आपली मुले इथे शिकावीत. संस्थापकाची त्याला हरकत नव्हती. ही मुले गावात बिऱ्हाड करून राहात आणि शाळेत येऊन शिकत. लॅटिनमध्ये गावाला ‘ओपिडम’ म्हणतात, म्हणून ही मुले ‘ओपिडन’ झाली. आणि जे सत्तर शाळेच्या वास्तूत राहात ते ‘कॉलेजर’. आरंभी ओपिडन मूठभर होते. पण भटाला दिली ओसरी अशी आपल्याकडे जी म्हण आहे, तिचा प्रत्यय हळूहळू येऊ लागला. राजाचे विद्यार्थी सत्तरच राहिले. ओपिडन मात्र शेकड्यांनी वाढले. आज शाळेत सुमारे तेराशे मुले आहेत, त्यांत सत्तर कॉलेजर आणि बाकीचे सगळे ओपिडन. ओपिडन पंचवीसएक निरनिराळ्या गृहांत राहतात. ज्यांच्यासाठी घर बांधले ते घरात अल्पसंख्य झाले.

आणि नुसते अल्पसंख्य झाले असे नव्हे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात त्यांचे हाल कसे होते ते ऐकण्यासारखे आहे. ‘लाँग चेंबर’ नावाची एक लांबलचक खोली होती. तिथे पन्नासच्या आसपास मुले एकत्र झोपत. संध्याकाळी त्या खोलीला बाहेरून कुलूप पडे ते सकाळी उघडे. आत एकही मोठा माणूस नसे. उंदरांचा सुळसुळाट, थंडीचे दिवस, आणि मोठ्या मुलांचे लहानांवर अनिर्बंध राज्य. जेवण म्हणजे दिवसामागून दिवस मेंढ्याचे मांस. राजाने मुलांसाठी दिलेल्या इनामांचे उत्पन्न शतकानुशतके वाढत गेले होते. पण त्या वाढीचा मोठा वाटा व्यवस्थापक मंडळींच्या पदरी जाई आणि मुलांच्या ताटात जुन्या सनदेत लिहिले तेवढेच पडे. नियमाप्रमाणे पाहिले तर कोणी काही चुकवीत नव्हते. पण नियमाचे अक्षर पाळून त्याचा जीव कसा घेता येतो, याचा हा नमुना आहे. वसतिगृह चालवणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

याचा परिणाम काय झाला? आईबाप म्हणू लागले, फुकट नको आणि तो लाँग चेंबर नको. सत्तर जागा भरेनात. इंग्लंडातली एवढी नामांकित शाळा, शिक्षण मोफत, आणि घ्यायला माणूस नाही! तेव्हा कुठे डोळे उघडले. १८४० साली हॉजसन नावाचे नवे प्रमुख आले, त्यांनी सुधारणेला हात घातला आणि १८४६ च्या सुमारास नवी इमारत उभी राहून मुलांना स्वतंत्र खोल्या मिळाल्या. पुढे १८६१ साली सरकारने अशा नऊ जुन्या शाळांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, १८६४ साली त्याचा अहवाल आला आणि १८६८ साली कायदा झाला. मोफत म्हणून दिलेली वस्तू जर अपमानासकट दिली, तर गरीबसुद्धा ती नाकारतो. ही गोष्ट ईटनला कळायला चारशे वर्षे लागली.

दुसरे वळण याहून सूक्ष्म आहे, आणि शिक्षकबंधूंनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. जागा भराव्यात आणि मुले चांगली यावीत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खुल्या स्पर्धेची परीक्षा कसोशीने घेण्यास सुरुवात झाली. परीक्षा न्याय्य होती, यात शंका नाही. वशिल्याने येणारी पोरे बंद झाली. पण परीक्षा होती लॅटिन आणि ग्रीक या भाषांची. त्या भाषा खेड्यातल्या मजुराच्या पोराला कोण शिकवणार? त्यासाठी आधी पाच वर्षे महागड्या पूर्वतयारीच्या शाळेत जावे लागे. ज्याच्याजवळ तेवढे पैसे तोच परीक्षेला बसणार. तेव्हा झाले असे, की शाळेने गरिबाला दार बंद केले नाही, दार उघडेच होते. पण दारापर्यंत जाणारी पायवाटच खाजगी मालकीची झाली. राजाने ‘गरीब’ विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या जागा ‘हुशार’ विद्यार्थ्यांच्या झाल्या, आणि हुशार म्हणजे बहुधा वकील, पाद्री, प्राध्यापक, अंमलदार यांची मुले. गुणवत्ता मोजताना आपण नेमके काय मोजतो, मुलाची बुद्धी की त्याच्या बापाने केलेला खर्च, हा प्रश्न तेव्हा ईटनपुढे होता. आज आपल्या तालुक्याच्या गावी शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशपरीक्षांचे खाजगी वर्ग निघाले आहेत; तो प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर येऊन उभा आहे.

आता थोडे त्या शाळेच्या रीतिभातींविषयी. त्या ऐकायला मौजेच्या आहेत.

ईटनचा मुलगा रोज वर्गात जाताना काळा लांब शेपट्यांचा कोट, जाकीट आणि बारीक पट्ट्यांची विजार घालतो. पूर्वी डोक्याला उंच काळी टोपी असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती गेली. राजाच्या विद्यार्थ्याची खूण अशी, की तो या कोटावर काळा झगा घालतो आणि नावापुढे ‘के. एस.’ ही अक्षरे लावतो. या झग्यावरून ओपिडन मुलांनी त्यांना ‘टग’ असे टोपणनाव ठेवले. लॅटिनमध्ये झगा पांघरणाऱ्यांना जो शब्द आहे त्याचे ते भ्रष्ट रूप. नाव ठेवले ते हिणवण्यासाठी.

शाळेची बोलीही निराळी. शिक्षकाला ‘बीक’ म्हणजे चोच म्हणतात. सत्राला ‘हाफ’ म्हणजे अर्धे म्हणतात, आणि गंमत अशी की वर्षात अशी तीन अर्धी असतात! हजेरी घेण्याला ‘ॲबसेन्स’, म्हणजे गैरहजेरी, म्हणतात. गृहपाठ फारच वाईट असेल तर शिक्षक त्या कागदाच्या माथ्यावर एक चीर पाडतात, त्याला ‘रिप’ म्हणतात. तो फाटका कागद मुलाने आपल्या गृहप्रमुखाला दाखवून सही आणायची. फार चांगला असेल तर तोही वरिष्ठांकडे पाठवून शाबासकी मिळवून देतात. बाहेरच्याला हे सारे चमत्कारिक वाटते. पण नव्या मुलाने दोन-चार आठवड्यांत ही बोली उचलली की त्याला वाटते, आपण आता इथले झालो. प्रत्येक जुन्या शाळेत अशी एखादी बोली असतेच; तिचे काम भाषेचे नसते, उंबरठ्याचे असते.

सगळ्याच रीती अशा निरुपद्रवी नव्हत्या. ‘फॅगिंग’ नावाची एक पद्धत होती. लहान मुलाने मोठ्या मुलाचे काम करायचे, पाव भाजून द्यायचा, बूट पुसायचे, निरोप पोचवायचे. मोठा मुलगा आपल्या दारात उभा राहून ‘बॉय’ अशी लांबलचक हाक मारी, की सगळी लहान मुले धावत सुटायची. जो सर्वांत शेवटी पोचेल त्याच्या माथी काम. जोडीला वेताची शिक्षा. कीट नावाच्या हेडमास्तरांनी १८३२ साली एका रात्रीत ऐंशीहून अधिक मुलांना फटके मारले, अशी कथा आजही सांगतात. ‘यानेच चारित्र्य घडते’ असे या साऱ्याचे समर्थन पिढ्यान्‌पिढ्या होत राहिले. पण फॅगिंगची रीत १९८० च्या सुमारास मोडीत निघाली. इंग्लंडच्या सरकारी शाळांतून १९८७ साली आणि खाजगी शाळांतून १९९९ साली शारीरिक शिक्षा कायद्याने बंद झाली. त्यामुळे शाळा काही बुडाली नाही. जुनी रीत आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही, हे तिथल्या कट्टर परंपराप्रिय लोकांनीही अखेर मान्य केले.

दोन रीती मात्र मला जास्त तपशिलाने सांगायच्या आहेत, कारण त्या थेट शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांशी निगडित आहेत.

पहिली ‘माँटेम’. लॅटिनमध्ये ‘डोंगराकडे’ असा तिचा अर्थ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दर तीन वर्षांनी ईटनची सारी मुले रंगीबेरंगी पोशाख करून, निशाण घेऊन, स्लाव गावाजवळच्या ‘सॉल्ट हिल’ या टेकाडाकडे मिरवत जात. काही मुले रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ‘मीठ’ मागत. मीठ म्हणजे पैसे. लहानमोठे सगळे देत. विंडसरहून राजा-राणीही येऊन भर घालीत. हा सारा पैसा कोणासाठी? राजाच्या विद्यार्थ्यांत जो सर्वांत वरचा, ‘कॅप्टन ऑफ द स्कूल’, त्याच्या केंब्रिजच्या खर्चासाठी. कधी कधी रक्कम हजार पौंडांच्या घरात जाई, मेजवानीचा खर्च मात्र तिच्यातूनच निघायचा. आपल्याकडच्या माधुकरीची इथे आठवण होते. फरक असा की आपल्याकडे गरीब विद्यार्थी एकटा झोळी घेऊन दारोदार जाई. तिथे एका गरीब विद्यार्थ्यासाठी लॉर्डांच्या मुलांसकट सगळी शाळा रस्त्यावर उतरे. मागणारा एकटा नसला की मागण्याची लाज उरत नाही. पुढे आगगाडी झाली, लंडनहून बघ्यांची झुंबड उडू लागली, समारंभाची जत्रा झाली, आणि १८४७ साली ही रीत बंद करण्यात आली. शेवटची मिरवणूक १८४४ सालची.

दुसरी रीत भिंतीच्या खेळाची. ईटनच्या मैदानाच्या कडेला १७१७ साली बांधलेली विटांची एक लांब भिंत आहे. तिच्या कडेने सुमारे पाच मीटर रुंद आणि शंभर मीटरांहून थोडी अधिक लांब अशी चिंचोळी पट्टी आहे. त्या पट्टीत दहा-दहा गड्यांच्या दोन तुकड्या चेंडूसाठी भिंतीला अंग घासत, चिखलात लोळत एकमेकांना रेटतात. एका टोकाचे गोलस्थान म्हणजे बागेचे दार, दुसऱ्या टोकाचे म्हणजे झाड. खेळाची सर्वांत जुनी नोंद १७६६ सालची. दरवर्षी नोव्हेंबरअखेर, संत अँड्रूच्या सणाच्या सुमारास, कॉलेजर विरुद्ध ओपिडन असा मुख्य सामना होतो. आणि त्या सामन्यात शेवटचा गोल झाला तो १९०९ साली! मग लोक बघतात तरी काय, असे आपल्याला वाटेल. लोक बघतात ती झुंज. एका बाजूला सत्तर मुलांतून निवडलेले दहा. दुसऱ्या बाजूला बाराशेंतून निवडलेले दहा. हिशेबाने पाहता सत्तरांचा पाडाव ठरलेला. पण तसे होत नाही. सत्तर मुले एका छपराखाली राहतात, भिंत त्यांच्या दाराशी आहे, लहानपणापासून एकमेकांचे अंग त्यांना ठाऊक असते. ओपिडन पंचवीस घरांतून गोळा होतात. त्यामुळे सत्तर बरोबरीने लढतात आणि पुष्कळदा जिंकतात. वर्षभर ज्यांना ‘टग’ म्हणून हिणवायचे, त्यांच्याशी एक दिवस समान मैदानावर भिडावे लागते.

माँटेम आणि भिंतीचा खेळ या दोन्ही रीतींनी फुकट शिकणाऱ्या मुलाला शाळेच्या मध्यभागी आणून उभे केले. कडेला उभे राहून टाळ्या वाजवायला लावले नाही.

या सत्तरांतून कोण माणसे निघाली? मी तिघांचीच नावे घेतो, कारण तिघांचाही आपल्या देशाशी संबंध आहे. जॉन मेनार्ड केन्स हा विसाव्या शतकातला थोर अर्थशास्त्रज्ञ राजाचा विद्यार्थी होता आणि भिंतीच्या खेळातला गडीही होता. त्याची पहिली नोकरी लंडनच्या इंडिया ऑफिसात आणि १९१३ साली निघालेले त्याचे पहिले पुस्तक हिंदुस्थानच्या चलनावर.

दुसरा जे. बी. एस. हाल्डेन, जीवशास्त्रज्ञ. तो १९०५ साली राजाचा विद्यार्थी म्हणून ईटनला गेला. पहिल्या काळात मोठ्या मुलांनी त्याला इतके छळले की ती कडवट आठवण त्याच्या मनातून गेली नाही. पुढे तोच मुलगा ‘कॅप्टन ऑफ द स्कूल’ झाला. वयाच्या उत्तरार्धात, १९५७ साली, तो भारतात आला, इथले नागरिकत्व त्याने घेतले आणि १९६४ साली भुवनेश्वरला देह ठेवला.

तिसरा एरिक ब्लेअर. जग त्याला जॉर्ज ऑरवेल म्हणून ओळखते. १९०३ साली बिहारात मोतीहारीला जन्मलेला हा मुलगा. बाप सरकारच्या अफू खात्यात अंमलदार. घर गरीब नव्हे, पण ईटनची फी परवडेल असेही नव्हे. एका पूर्वतयारीच्या शाळेने त्याला कमी फीवर घेतले. हिशेब उघड होता, पोरगा शिष्यवृत्ती मिळवील आणि शाळेचे नाव होईल. तो पुढे १९१७ साली ईटनला राजाचा विद्यार्थी झाला. पण त्या आधीच्या शाळेविषयी त्याने एक दीर्घ लेख लिहून ठेवला, तो त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की तू कमी पैशांत इथे आहेस, आमच्या उपकारावर आहेस, याची आठवण त्याला तिथे वेळोवेळी करून दिली जाई. श्रीमंत मुलांना जे सहज मिळे ते याला ‘तुला परवडायचे नाही’ म्हणून नाकारले जाई. त्याच्या काही सहाध्यायांना हे वर्णन अतिरंजित वाटले. असेलही. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला ऐकवलेले एक वाक्य तो माणूस चाळिशी उलटून गेल्यावरही विसरला नाही, एवढे तर निश्चित. वेताचा वळ आठ दिवसांत जातो, बंधूंनो; शब्दाचा वळ जात नाही.

आज ईटनमध्ये काय स्थिती आहे? दरवर्षी बारा-तेरा वर्षांची सुमारे चौदा मुले परीक्षेतून निवडली जातात. पाच वर्षांची मिळून सत्तर. झगा तोच, नाव तेच. पण किंग्ज स्कॉलर झाला म्हणजे फी माफ, ही गोष्ट आता राहिलेली नाही. त्या मानाबरोबर फीमध्ये थोडीशीच सूट मिळते. उरलेली मदत घरची मिळकत पाहून, स्वतंत्रपणे दिली जाते, आणि गरज असेल तर ती संपूर्ण फीइतकी असते. अशी मदत ओपिडन मुलालाही मिळू शकते. मान बुद्धीला आणि पैसा गरजेला अशी ही वाटणी आहे. शिवाय सरकारी शाळांतल्या मुलांना शेवटच्या दोन वर्षांसाठी पूर्ण खर्चासह घेण्याची एक योजना आहे, आणि तिला नाव दिले आहे ऑरवेलचे! अर्थात वर्षाची फी पन्नास हजार पौंडांहून अधिक असलेल्या शाळेत अशी मुले किती असणार, हा आक्षेप इंग्लंडात सतत घेतला जातो आणि तो खोटा नाही. ईटन ही आजही मुख्यतः श्रीमंतांची शाळा आहे. राजाने पेरलेले बी आणि आज उभे असलेले झाड यांत फार अंतर आहे.

तिकडच्याच आणखी एका शाळेचे उदाहरण देतो. ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ ही १५५२ साली लंडनच्या अनाथ व गरीब मुलांसाठी निघालेली शाळा. १९०२ साली ती हॉर्शम गावाजवळ गेली. तिथली मुले आजही निळा पायघोळ अंगरखा आणि पिवळे पायमोजे घालतात. हा मूळचा धर्मादाय पोशाख, म्हणजे गरिबीचा शिक्काच. काही वर्षांपूर्वी मुलांना विचारले, हा पोशाख बदलायचा का? बहुसंख्य मुलांनी नको म्हणून सांगितले. कारण काय? तिथे पोशाख सर्वांना सारखा आणि शाळेकडून मोफत. कोण किती फी भरतो हे अंगावरून ओळखू येत नाही. जो शिक्का सर्वांच्या अंगावर असतो तो शिक्का राहात नाही, त्याचा मान होतो.

असो. आता आपल्या घरी येऊ.

आपल्याकडे ही परंपरा नाही असे कोणी समजू नये. वार लावून जेवणारे विद्यार्थी आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली, स्वतः स्वयंपाक केला, शेतात राबली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या वसतिगृहात मुलगा उपकाराचे खात नव्हता. आपल्या श्रमाचे खात होता आणि ते त्याला ठाऊक होते. १९८५-८६ साली देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, त्यांतले एक आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या मुलांसाठी तिथे निदान पाऊणशे टक्के जागा राखलेल्या असतात आणि राहणे, जेवण, शिक्षण मोफत असते. म्हणजे साधने आपल्यापाशीही आहेत. प्रश्न आहे तो ती कोणत्या हाताने द्यायची याचा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मी तीनच गोष्टी सुचवतो. पहिली, मदत मिळणाऱ्या मुलांची यादी प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचू नये. वह्या, गणवेश वाटायचे तर ते कार्यालयात, निमूटपणे द्यावेत. पाहुण्यांच्या हस्ते वाटून फोटो काढला की देणाऱ्याचे समाधान होते, पण घेणाऱ्या पोराची मान खाली जाते. मानाची गोष्ट, परीक्षेतले यश, ती मात्र खुशाल सर्वांसमोर सांगावी. दुसरी, शिष्यवृत्तीच्या तासाला ज्याची तयारी आधीच झाली आहे त्याच्याबरोबरच, ज्याला घरी शिकवायला कोणी नाही असा एक तरी मुलगा बसवावा. पायवाट खाजगी होऊ द्यायची नाही, ती अशीच. तिसरी, शाळेत एखादी रीत अशी असावी की जिच्यात गरीब मुलगा मध्यभागी उभा राहील. मग ती खो-खोची तुकडी असो, हस्तलिखिताचे संपादन असो, की घंटा देण्याचे काम असो.

आणि पालकांना एक सांगायचं आहे. मुलगा वसतिगृहात गेला म्हणजे आपले काम संपले असे समजू नका. सुट्टीत घरी आला की ‘किती मार्क पडले?’ हे विचाराच. पण त्याच्या आधी ‘तिथे तुला काय म्हणून हाक मारतात?’ हेही विचारा. त्या एका उत्तरात त्या शाळेच्या साऱ्या रीतिभाती कळून येतील.